विहीणबाईंच्या फरशीखालचं पाणी

ही गोष्ट सांगायचं मी सात वर्षं टाळलं. विसरलो नव्हतो. विषय निघाला की मी चष्मा पुसायला घ्यायचो. माझा चष्मा या सात वर्षांत जितका स्वच्छ राहिला तितका नोकरीच्या चौतीस वर्षांत कधी नव्हता.

आमच्या घरात सगळे ती गोष्ट एकाच वाक्यात सांगतात : "आईंना जर्मनीची थंडी सोसली नाही." मुलगी सांगते, जावई सांगतो, नागपूरचे नातेवाईक तर असं सांगतात की विहीणबाई जणू उत्तर ध्रुवावरून परत आल्या. मीही मान हलवतो. वाक्य साफ खोटं आहे. जर्मनीच्या थंडीचा त्यात काही दोष नव्हता. ती थंडी मी बनवली होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट वापरून.

माझी मुलगी फ्रँकफर्टच्या एका बँकेत कामाला आहे, जावई संशोधक. फ्रँकफर्ट आणि हायडेलबर्गच्या मधल्या एका गावात त्यांचं घर आहे. मुलीचे दिवस नोव्हेंबरात भरत होते. बायको वारून तीन वर्षं झाली होती, म्हणून माहेरची बाजू म्हणून मी एकटाच निघालो, तीन महिन्यांच्या व्हिसावर. पोचलो तर विहीणबाई, म्हणजे जावयाच्या आई, दहा दिवस आधीच नागपूरहून येऊन चांगली खोली धरून बसल्या होत्या. बसल्या होत्या हे शब्दशः. खोलीत पलंग होता, खुर्ची होती, आणि बाई खाली फरशीवर.

"जय भीम, व्याहीबुवा. चप्पल काढा आन् पाय ठेवून पाहा," त्या म्हणाल्या. "चुलीजवळ बसल्यागत वाटून राहिलं."

मी पाय ठेवला. फरशी खरोखर कोमट होती, नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या खुर्चीसारखी. या घरात भिंतीला लोखंडी हीटर नव्हते. फरशीच्या खाली नळ्यांची वेटोळी पुरलेली, त्यांतून कोमट पाणी फिरतं आणि अख्खी जमीन तापते. जर्मन भाषेत त्याला लांबलचक नाव आहे. घरात सगळे नुसतं हायत्सुंग म्हणायचे.

विहीणबाई निवृत्त शिक्षिका. घरी नागपुरी, फोनवर शुद्ध. उभ्या आयुष्यात पलंगावर झोपल्या नव्हत्या. सोबत दोन गोधड्या घेऊन आल्या होत्या, त्या कोपऱ्यात घातल्या, त्यावर झोपायच्या आणि पहाटे तिथेच बसून वंदना म्हणायच्या. त्या जर्मनीला आल्या होत्या एकाच कामासाठी. नात झाली की चाळीस दिवस तिला तेल लावून न्हाऊ घालायचं. त्या कामाची सगळी मांडामांड फरशीवर असते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. भिंतीला टेकून पाय पसरायचे, लुगडं गुडघ्यांपर्यंत ओढायचं, बाळ नडग्यांवर पालथं घालायचं आणि तेल जिरवायचं. नात झाली, चौथ्या दिवशी घरी आली आणि विहीणबाई सुरू झाल्या. घरी तपासायला येणारी जर्मन सुईण पहिल्या दिवशी हरकत घ्यायच्या तयारीने दारात उभी राहिली, आणि मग अर्धा तास तशीच उभी राहिली. बाळ तेल जिरता जिरता झोपी गेलं होतं. "तापलेली जमीन अन् बाळाचं तेल," विहीणबाई म्हणायच्या, "ह्या लोकाइनं माझ्यासाठीच बांधलं घर."

माझी खोली त्याच मजल्यावर शेवटची, गॅरेजला लागून. थंड. बर्फ पडत नव्हता खोलीत, पण शेजारी कोणी चुलीजवळ बसल्याचं सुख भोगत असेल तर एकोणीस अंश फार थंड वाटतात.

मी जावयाला म्हणालो, "तुमच्या आईच्या खोलीत वसंत ऋतू आणि माझ्या खोलीत हे काय आहे?"

"बाबा, थर्मोस्टॅट थोडा वाढवा आणि एक दिवस थांबा. फरशी हळू तापते."

"एक दिवस? दिवसभरात मी कालव्याला चाळीस किलोमीटर पाणी पोचवायचो."

इथे माझा धंदा सांगितला पाहिजे, कारण सगळं नुकसान त्यानेच केलं. मी पाटबंधारे खात्यातला अभियंता. मुख्य कालवा, त्याला वितरिका, वितरिकेला चाऱ्या. धरणाजवळ ज्याचं शेत तो हेडवाला, शेवटाला ज्याचं तो टेलवाला. हेडवाला दाबून पाणी घेतो, टेलवाला कोरडा राहतो आणि कार्यालयावर मोर्चा आणतो. म्हणून खात्याचा नियम : टेल टू हेड. आधी शेवटच्याला पाजा, मग वर सरका. हा नियम मी चौतीस वर्षं राबवायचा प्रयत्न केला आणि एकदाही राबवू शकलो नाही. ती हौस राहून गेली होती.

एके दिवशी झाडू शोधताना मी बाथरूमबाहेरचं, भिंतीत बसवलेलं पत्र्याचं पांढरं कपाट उघडलं. आत झाडू नव्हता. आत माझं खातं होतं. एक आडवा जाड पाइप, त्याला ओळीने फुटलेल्या सहा नळ्या, प्रत्येक नळीवर एक लहान काचेची नळी आणि तिच्यात लाल खूण. जितकं पाणी वाहील तितकी खूण खाली सरकते, शेजारी आकडे. प्रत्येकीला फिरवायची काळी चकती. मुख्य कालवा, सहा चाऱ्या, सहा दारं! मला गहिवरून आलं. नळ्यांवर खोल्यांच्या चिठ्ठ्या होत्या. विहीणबाईंच्या खोलीचा आकडा दोन. माझा एक.

हेडला दोन, टेलला एक. जर्मनीतसुद्धा!

दाराच्या आतल्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने सहा आकडे लिहून ठेवले होते. मी ते वाचले आणि सोडून दिले. कागदावरचं पाणी वेगळं आणि कालव्यातलं वेगळं, हे मी खात्यात शिकलेलो. विहीणबाईंची चकती एकावर आणली. माझी दोनवर नेली. एवढंच. समान न्यायसुद्धा नव्हे, नुसती अदलाबदल.

संध्याकाळपर्यंत काही फरक नाही. जावई म्हणाला होता एक दिवस थांबा. मी पाच तास थांबलो. मग त्यांची अर्ध्यावर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळीही माझी फरशी तशीच, म्हणून त्यांची पूर्ण बंद केली. तात्पुरती. आमच्या खात्यात तात्पुरती म्हणजे अधिकाऱ्याची बदली होईपर्यंत.

इथपर्यंत मी जे लिहिलं ते खरं आहे, पण ती सोयीची बाजू. दुसरी लिहितो. रोज दहा वाजता शेजारच्या खोलीतून तेलाचा वास यायचा, बाळाच्या रडण्याचा आणि मग गप्प होण्याचा आवाज यायचा, आणि माझी मुलगी दारात बसून "अहो आई, मला पण शिकवा ना" म्हणायची. ते काम माझ्या बायकोचं होतं. मुलगी आठवीत असल्यापासून ती म्हणत होती, हिचं बाळ मीच न्हाऊ घालणार. चकती फिरवताना माझ्या मनात टेलवाल्यांचा न्याय किती होता आणि हे किती होतं, याचं मोजमाप करायला माझ्याकडे काचेची नळी नाही.

दीड दिवसात विहीणबाईंची फरशी गार पडली. मग तळघरातल्या बाथरूमसारखी पडली. त्यांनी थर्मोस्टॅट वाढवला. नळीच बंद, तो काय करणार? जावयाने कळवळून तळघरातल्या पाणी तापवणाऱ्या मशीनचं तापमान वाढवलं. त्यामुळे बाकी सगळं घर तापलं. मुलगी बाळंतीण असून गार पाण्याने तोंड धुऊ लागली, मी बनियनवर वावरू लागलो, आणि खिडक्या सताड उघड्या पाहून समोरचा म्हातारा जर्मन मान हलवत जाऊ लागला. एकट्या विहीणबाई स्वेटरवर शाल घेऊन.

शेवटी जावयाने मला विचारलं. "बाबा, तुम्ही इंजिनिअर आहात. जरा बघता का?"

मी बघितलं. त्यांच्या खोलीत उकिडवा बसलो, फरशीवर तळहात टेकला, डोळे मिटले. मला आज त्या दृश्याची सगळ्यात जास्त लाज वाटते. घरातल्या हायत्सुंगच्या जर्मन पुस्तिकेवर भाषांतर करणारा फोन धरून मी आदल्याच दिवशी वाचलं होतं की फरशीवर जाड काही अंथरू नये, उष्णता अडते. डोळे उघडून मी निकाल दिला : "गोधड्या. गोधड्यांनी उष्णता दाबून धरली आहे."

"गोधड्या तर पयल्या दिवसापासून आहेत," विहीणबाई म्हणाल्या. "तवा कशी तापत होती?"

"तसं नसतं. परिणाम साचत जातो."

"हो बाप्पा. सरकारी माणसाले उत्तर नाही सापडलं का ते साचत जाते."

मुलगी हसली, जावई हसला, आणि हसत हसत त्याने आईच्या गोधड्या उचलून कपाटावर टाकल्या. त्या रात्रीपासून त्या पलंगावर. साठ-पासष्ट वर्षं जमिनीवर झोपलेली बाई गादीत रुतून पडली आणि सकाळी पाठ धरून उठली. तेल लावायला मात्र फरशीवरच बसावं लागायचं, आणि आता खाली काही अंथरायची चोरी. गार फरशीवर नडग्या पसरून अर्धा तास. चार दिवसांत गुडघे सुजले.

मुलगी म्हणाली, "आई, बाबांच्या खोलीत बसा ना. तिथे भट्टी आहे नुसती."

मीही मोठ्या मनाने म्हणालो, "हो, हो, मी बाहेर फिरून येतो."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीला म्हणाल्या, "व्याह्याच्या खोलीत गुडघ्यापर्यंत लुगडं वर करून बसू? तुझ्या बापाले फ्रँकफर्टले धाडलं तरी नाही." हॉलमध्ये लाकडी जमीन, रस्त्याकडे छतापर्यंत काच. ते तर बोलायलाच नको. छोटा विजेचा हीटर आणला. तो बाळाजवळ कोरडी हवा फेकतो म्हणून सुईणीने बंद करायला लावला.

आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ. पाचव्या दिवशी पहाटे मला वंदना ऐकू आली, पलंगावरून. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं. ते मीही रोज म्हणतो. मग पाय खाली टेकल्याचा आवाज आणि बारीकसं "आई गं".

मी सगळे फिरायला जाईपर्यंत थांबलो आणि कपाट उघडलं. विहीणबाईंची चकती पूर्ण उघडली. लाल खूण हलली नाही. परत बंद करून उघडली. नाही. चमच्याने काचेवर टकटक केलं. काचेच्या आत तपकिरी गाळ दिसत होता आणि खूण त्यात रुतून बसली होती. कालव्याचं दार गंजलं तर आम्ही चार माणसं आणि पहार पाठवायचो. इथे माझ्याकडे चमचा होता.

त्या वेळी जावयाला फोन करून सांगायला हवं होतं, "मी नळी बंद केली, ती अडकली, पाणीच जात नाहीये." पुढे कळलं की पाणीच बंद आहे म्हटलं असतं तर माणूस दोन दिवसांत आला असता. पण जावयाने हायत्सुंगवाल्याला कळवलं होतं की एक खोली जरा कमी तापते. जर्मनीत कमी तापण्याला अठरा दिवसांनंतरचा टर्मिन, म्हणजे यायची ठरलेली वेळ, मिळतो. मी हिशेब केला : माणूस आला की त्याला बिघाड सापडेल, बिघाड जुना ठरेल, आणि माझं नाव कुठे येणार नाही. अठरा दिवस फक्त गप्प बसायचं. गप्प बसण्यात मी खात्यातसुद्धा वाकबगार होतो.

विहीणबाईंनी अजून नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी नाश्त्याला म्हणाल्या, "बाळाले नडगीवर घेतलं आन् पाय थरथरला. उद्या हातून सुटलं म्हणजे? मले तिकीट काढून दे."

जावई म्हणाला, "आई, थोडे दिवस थांब. हायत्सुंगवाला येतोय."

"हायत्सुंगचं नाही रे. माझीच हाडं पोचट निघाली."

मी टेबलाशी होतो. माझ्या हातात टोस्ट होता. तोंड उघडलं आणि त्यात टोस्ट घातला.

चाळीसपैकी एकोणीस दिवस झाले होते. निघताना त्यांनी तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "व्याहीबुवा, आता तुम्ही लावा. टेबलावर लावा, तुमाले काही खाली बसता येत नाही. तुमची खोली गरम आहे, पोरीले बरं वाटंन." मी उरलेले एकवीस दिवस ते केलं. पहिले चार दिवस बाळ असं ओरडायचं की समोरचा जर्मन पोलिसांना बोलावेल असं वाटायचं. मग सवय झाली, तिला आणि मला.

त्या गेल्यावर पाचव्या दिवशी हायत्सुंगवाला आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, बुटांवर निळी पिशवी चढवून घरात शिरणारा. त्याने कपाट उघडलं, दारावरचे पेन्सिलीचे आकडे पाहिले, मग चकत्या पाहिल्या, मग पुन्हा आकडे पाहिले. "आल्झो," म्हणाला, म्हणजे "असं आहे तर." मग मुलीला विचारलं, हे कोणी फिरवलं?

मुलीने मला मराठीत सांगितलं. मी म्हणालो, "आधीचा माणूस ढिसाळ असेल."

"बाबा, आधीचा माणूस हाच आहे. ते आकडे त्याच्याच हातचे आहेत."

मी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. या सवयीची सुरुवात तिथली.

त्याने नळ्या धुतल्या. पाणी काळं निघालं, गटारासारखं. तो म्हणाला, वर्षानुवर्षं असा गाळ साचतो, मधूनमधून धुवावं लागतं. चकती कोणी पूर्ण बंद केली की पाणी थांबतं, गाळ तिथेच बसतो आणि मग ती उघडली तरी पाणी वाहत नाही. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा सगळी दारं एकदा उघडझाप करायची. आकडे विनाकारण दिलेले नसतात : विहीणबाईंची खोली मोठी, दोन बाजूंनी बाहेरच्या भिंती, म्हणून तिला दोन, माझी लहान, तिला एक पुरतो. फरशीला सकाळी हुकूम देऊन दुपारी उत्तर मागायचं नाही. आणि बदल करायचाच असेल तर आधीचा आकडा लिहून ठेवायचा, अर्धा फेरा द्यायचा आणि दोन दिवस हात खिशात ठेवायचे. हे सगळं आता मला पाठ आहे.

मग त्याने माझी खोली मागितली. दार उघडलं आणि तिथेच हसला. माझ्या खोलीत मला थंडी वाजू नये म्हणून मुलीने जाड गालिचा घातला होता. त्यावर माझ्या दोन मोठ्या बॅगा, त्यावर मी भारतातून आणलेली घोंगडी, आणि पलंगाखाली दिवाळीच्या फराळाचे दोन डबे आणि पुस्तकांची खोकी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्याने हाताने सगळं झाकल्यासारखी खूण केली आणि काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?"

मुलीने आधी गालिच्याकडे पाहिलं. "म्हणतोय, या खोलीला पाणी पहिल्यापासून पुरेसं होतं. वर हे सगळं ठेवलं तर उष्णता दाबून धरली जाते." ती माझ्याकडे बघत होती. "परिणाम साचत जातो, हे मीच जोडते."

त्यानंतर तिने हा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहीणबाईंच्या रिकाम्या खोलीतली फरशी छान कोमट झाली. जावयाने आईला फोन करून सांगितलं, "आई, खोली तापली बघ. गाळ होता नुसता."

"मंग पुढच्या वर्षी येईन," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी मी स्वतः नागपूरला गेलो, मुद्दाम, हेच सांगायला. गाडीत वाक्यं पाठ केली, शाळेतल्या भाषणासारखी. विहीणबाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, खुर्चीवर, आणि पायांवर त्याच दोनपैकी एक गोधडी. चहा आला, शेंगदाणे आले. नातीचे फोटो पाहून झाले. नात आजीशी फोनवर जर्मनमध्येच बोबडं बोलते आणि आजी तिला नागपुरीत उत्तर देते, दोघींचं उत्तम चालतं, हे सांगून झालं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "विहीणबाई, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"मले बी," त्या म्हणाल्या. "आधी मी सांगते. तुमच्या लेकीले ऐन बाळंतपणात टाकून आली मी. तिची आई नाही, मीच होती, अन् मी दोन गोधड्या गुंडाळून निघून आली. लाज वाटते. तुम्ही नातीले तेल लावलं, तुमचे उपकार आहेत. माफी असू द्या."

त्यांनी हात जोडले होते. मी म्हणालो, "अहो, चालायचंच." मग मी दोन मुठी शेंगदाणे खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो. त्या पुढच्या पावसाळ्यात गेल्या. जर्मनीला पुन्हा आल्या नाहीत.

या हिवाळ्यात मी परत मुलीकडे आलो आहे. मला या वेळी विहीणबाईंची खोली दिली आहे, कारण शेवटच्या खोलीत आता नात झोपते. मी हे फरशीवर बसून लिहितो आहे. बसायला दहा मिनिटं लागतात, उठायला पंधरा. फरशी कोमट आहे. कपाटाच्या दारावर पेन्सिलीचे आकडे आहेत आणि सहाही खुणा आपापल्या जागी आहेत, मी रोज बघतो, हात लावत नाही. गाडीत पाठ केलेली वाक्यं अजून जशीच्या तशी आठवतात. ती अशी होती :

विहीणबाई, तुमची हाडं पोचट नाहीत. गोधड्यांचाही दोष नव्हता. तुमच्या फरशीचं पाणी मी बंद केलं, मला ठाऊक होतं, आणि तुम्ही तिकीट मागितलंत तेव्हा मी समोर बसून टोस्ट खात होतो. नातीचे एकवीस दिवस तुमचे होते. ते मी घेतले. मला माफ करा.